सकाळची सही जुळायची नाही, दुपारची जुळायची : घरातलं व्यसन तुम्हाला कशावरून कळलं?

मांडवीकाठ :
काल आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी आरोग्य केंद्रात गेले होते. शेजारच्या बाकावर एका माणसाला तिथली मुलगी फॉर्ममधले प्रश्न विचारत होती. किती वेळा पिता, एकदा सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं होतं का, आदल्या रात्री जास्त झाल्यावर सकाळी उठल्याउठल्या परत घ्यावी लागते का. तो म्हणाला, "सवंय अशी ना, पूण एक घेतल्याबगर हात चलना." मुलगी काही न बोलता आकडा लिहून पुढच्या प्रश्नावर गेली आणि मला एकदम पप्पा आठवले.
पप्पांचं फोंड्याला हार्डवेअरचं दुकान होतं. चेक परत यायचे, सही जुळत नाही म्हणून. बँकेतला माणूस ओळखीचा, त्याने दादाला बाजूला घेऊन सांगितलं की ह्यांची जेवणानंतरची सही बरोबर जुळते, सकाळची जुळत नाही, तर चेक दुपारीच लिहून घेत जा. घरात आम्ही यावर हसलो होतो!! दुपारी का जुळते हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. दाढी घरी करायचे बंद झाले, न्हाव्याकडे जायला लागले, चहा बशीत ओतून दोन्ही हातांनी उचलायचे. आई म्हणायची थंडी असेल. मे महिन्यात. आपल्याकडे काजूचा सीझन, मग जूनमधला सांजावचा सण, गणपतीची चवथ, कुणाचं तरी लगीन, पिण्याला निमित्त बारा महिने असतं त्यामुळे कधी वेगळं काही दिसतच नाही.
तुमच्याकडे कशावरून कळलं, आणि पुढे काय केलंत? लिहा सवडीने.

सत्तरीचा_पाऊस :
पोदेर (पाववाला) दारात येतो, भोंपू वाजवतो, तरी आमचे काका पाव आणायला बाहेर. दूध संपलं मी जातो, गॅसचं बघून येतो, कोथिंबीर मीच आणतो. सगळं गाव म्हणायचं काय कामाचा माणूस. प्रत्येक फेरीला वाटेत तवेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता. खिशात कायम बडीशेप. काकीला वास बडीशेपेचाच यायचा, तिने दुसरा वास कधी शोधलाच नाही.
बाकी आमची स्वतःची काजूची दारू गाळायची भाटी होती, आजोबा बोटावर घेऊन चाखून सांगायचे हुर्राक (पहिल्या धारेची काजूची दारू) झाली की अजून पाणी आहे, पण जन्मात ग्लास भरून प्याले नाहीत. त्याच घरात काका. मग रक्ताचं म्हणायचं की कशाचं

कुळागरातली :
हात थरथरणं +१
पोळी तव्यावर आहे नंतर लिहिते

बाबलो_आनी_बाबली :
हुर्राकचं नाव काढलंत म्हणून, यंदा कुणाकडे चांगली मिळाली का? लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली मिरची...

सत्तरीचा_पाऊस :
आरे धाग्याचं नाव वाच आधी

बाबलो_आनी_बाबली :
सॉरी सॉरी, वाचलं नव्हतं. पण पात्रांव गोंयात या धाग्यावर सुद्धा पहिली चौकशी हीच येणार

वॉर्डातली_रात्र :
नर्स आहे, ड्यूटी संपवून लिहितेय, चुका सांभाळून घ्या. एक महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, कुलूप लावून कोंडणं वगैरे तर नकोच. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या, झोप नाही. पुढे काहींना फिट येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात. यात माणूस जाऊ शकतो.
आमच्याकडे पाय मोडून आलेला पेशंट, ऑपरेशन नीट झालं, तिसऱ्या रात्री सलाईन उपटून "बोट सुटली, बोट सुटली" म्हणत खिडकीकडे. घरच्यांनी दारूचं सांगितलंच नव्हतं, डॉक्टर रागावतील म्हणून. ताई-दादांनो, डॉक्टरला खरं सांगा, रोज किती आणि शेवटची कधी. मग औषधं हळूहळू कमी करत आणता येतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आधी देता येतात, नाहीतर मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो. पोलिसाला सांगितल्यासारखं "थोडीशी" म्हणू नका.

तारवटीची_बायको :
"बोट सुटली" वाचून काटाच आला. आमचे हे बोटीवर. तिथे ब्रेथ टेस्ट, सापडला की घरी पाठवतात, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टभर थेंब नाही. घरी आले की पहिल्या दिवसापासून. काही बोललं की एकच, मला व्यसन असतं तर बोटीवर राहिलो असतो का न पिता? मला पण ते पटायचं, हिशोब बरोबर वाटायचा. बांबोळीच्या मानसिक आजारांच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी यांनाच विचारलं की थांबता येतं ते कळलं, सुरू केल्यावर थांबता येतं का ते सांगा. हे गप्प. मग म्हणाले, सुट्टीत तर माणूस पिणारच ना.
सासूबाई अजून म्हणतात बेबदो म्हणजे गटारात पडतो तो, माझा मुलगा डॉलर कमावतो.

डिचोलीची_लेक :
पेपरातली जाहिरात बघून आईने पावडर मागवली होती, 'कळू न देता दारू सोडवा'. वरणात घालायची. पप्पा संध्याकाळी पिऊन आले आणि तोंड लालबुंद, छाती धडधड, उलट्यांवर उलट्या, बीपी पार खाली, आम्हाला वाटलं गेलेच. पुड्यावर आत काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं. एवढं झाल्यावर पप्पा आईच्या हातचं जेवेनात. दारू चालूच.

वॉर्डातली_रात्र :
डायसल्फिराम असणार ग त्यात. ते औषध खरं आहे, पण पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीने, तपासण्या करून देतात. घेतल्यावर दारू प्यायली तर हेच सगळं होतं, म्हणून तर माणूस पीत नाही. चोरून देणं म्हणजे जिवाशी खेळ. तल्लफ कमी करायची वेगळी औषधं पण आहेत आता. आणि जाहिरातवाल्यांना पैसे देऊ नका, प्लीज.

पेडण्याची_वाट :
मी दारुडा आहे, एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मधला. दुसरी बाजू पण येऊ दे.
मला स्वतःला कधी कळलं म्हणाल तर, मुंबईला लग्नाला गेलो होतो आणि ड्राय डे निघाला. लग्न कुणाचं, जेवणात काय होतं काहीच आठवत नाही, पण कुठल्या गल्लीत कुणाकडून नीप (छोटी बाटली) मिळाली ते आज डोळे मिटून सांगेन. पेडण्यात राहून हे कधी कळलंच नसतं, इथे दर दोनशे पावलांवर बार.
एए ची मीटिंग चॅपलच्या बाजूच्या हॉलमध्ये. आमच्या तीर्थरूपांना टेन्शन, तिथे नेऊन बाटवतील. आई म्हणाली, बाटलीने बाटवलाय तो आधीच, आता आणि काय बाटवतील. गेलो. देव म्हणतात पण 'तुम्हाला समजेल तसा' म्हणतात, माझ्या खिशात अंगारा होता तो तसाच राहिला. फी नाही, नाव लिहून घेत नाहीत, चहा आणि पार्ले. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी, एक शेअरबाजारवाला आणि एक डॉक्टर, एकमेकांशी बोलत बसून हे सुरू केलं आणि पद्धत अजून तीच, पिणाऱ्याचं पिणाऱ्याला कळतं. पहिल्या दिवशी एका पोदेराने त्याची गोष्ट सांगितली, पीठ मळताना बाटली कुठे लपवायचा ते. मी फ्लशच्या टाकीत लपवायचो. आयुष्यात पहिल्यांदा त्या विषयावर न लाजता हसलो.
सगळ्यांना लागू पडतं असं नाही, माझ्यासोबत आलेले दोघं परत गेले नाहीत, त्यातला एक पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला आणि मस्त आहे.

कुळागरातली :
आले. पोळ्या जळल्या दोन.
आमच्याकडे मामी. हो, मामी. पिणारी बाई म्हटलं की लोकांना पटतच नाही, म्हणून तर कुणाला दिसलं नाही. बाळंतपणापासून रात्री 'टॉनिक', सर्दीला फेणी, पाय दुखले की फेणी चोळायला, बाटली घरात असायचीच. मामांच्या बाटलीत रेघ मारलेली असायची, ही तेवढंच पाणी घालायची. मामा म्हणायचे हल्ली फेणीत दम राहिला नाही, भाटीवाल्याशी भांडून आले!! कावीळ झाली तेव्हा सगळं बाहेर पडलं. पुरुषाला न्यायला चारजण गाडी काढतात, तिला न्यायला कुणी नाही, मामा म्हणे लोक काय म्हणतील. शेवटी तिची बहीण घेऊन गेली.

फॉर्मवाली :
@मांडवीकाठ, तुम्ही पाहिलेला फॉर्म बहुतेक ऑडिट, डब्ल्यूएचओ चा, दहा प्रश्न, ४० पैकी गुण. आठ किंवा जास्त झाले की बोलायची वेळ आली, वीस किंवा जास्त असतील तर डॉक्टरकडेच पाठवायचं. मी हे काम केलंय काही काळ. डॉक्टर नव्हे हं, साधं ट्रेनिंग घेतलेल्या आम्ही मुली आणि मुलगे. आपल्या गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत यावर अभ्यास झाला, संगत संस्थेचा, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३७७ पुरुष होते, धोकादायक पिणारे पण पूर्ण आहारी न गेलेले. नेहमीच्या उपचाराला आमच्यासारख्यांच्या थोड्या गप्पांची जोड दिली तर तीन महिन्यांनी शंभरात ३६ जण धोक्याच्या रेषेखाली आले, जोड नसताना २६. म्हटलं तर दहाचाच फरक, पण रेफर केल्यावर बांबोळीला जातो कोण? जुनी माणसं ते इस्पितळ आल्तिनोवर होतं तेव्हाचं नाव काढतात, 'आल्तिनोला पाठवतील' म्हणून घाबरतात. केंद्रात मात्र बीपीच्या रांगेत बसून बोलता येतं, शेजाऱ्याला कळत नाही.

बाबलो_आनी_बाबली :
तो फॉर्म मराठीत नेटवर मिळतो का? मित्रासाठी.

सत्तरीचा_पाऊस :
मित्राला पण लिम्का आवडतं का 😄

फॉर्मवाली :
हसू नका हो, सगळ्यांचा 'मित्रच' असतो सुरुवातीला. बाबलो, केंद्रात जाऊन विचार. किंवा फोन कर, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन टेली मानस १४४१६, नाहीतर व्यसनाचीच हेल्पलाईन १४४४६. फुकट आहे, घरच्यांनी केला तरी चालतो.

तारवटीची_बायको :
घरच्यांवरून, मी अल-अनॉनला जाते, पिणाऱ्यांच्या घरच्यांचं असतं ते. तिथे जायला लागल्यापासून यांच्या एजंटला 'ताप आलाय' म्हणून फोन करायचं बंद केलं. यांनी ओकलेलं पण साफ करत नाही. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. पण डॉक्टरकडे हे स्वतःहून उठून गेले ते त्यानंतरच, हे मात्र खरं.

सत्तरीचा_पाऊस :
मांडवीकाठ, पप्पांचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीत

मांडवीकाठ :
हो राहिलंच. बांबोळीला दाखल झाले, बरे होऊन आले, चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना मोठ्या काकांनी 'आज एक चलता' म्हणून दिली आणि परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला डॉक्टर आईला म्हणाले परत पिणं हे या आजारात धरूनच चालायचं, शुगर वाढली की आपण पेशंटला घराबाहेर काढतो का? तेव्हापासून चवथीला आम्ही मोठ्या घरी उशिरा जातो, आरतीला, आणि जेवून लगेच निघतो. काकांचा राग आहे, असू दे. पप्पा आता दुकानात सकाळी बसतात, चेक दादाच लिहितो, सवय.

डिचोलीची_लेक :
एक विचारायचं होतं. पप्पा सोमवारी चल म्हणालेत, कधी मन बदलेल सांगता येत नाही. बांबोळीला किती वाजता पोचलं पाहिजे? बाईकवर बसायच्या अवस्थेत नाहीत.

वॉर्डातली_रात्र :
सकाळीच जा ग, केस पेपरची रांग मोठी असते. आधार कार्ड, चालू औषधं, जुने रिपोर्ट घे. आदल्या रात्री दारू बंद करायला लावू नकोस, आणि हात जास्त थरथरायला लागले किंवा फिट आली तर सोमवारची वाट न बघता सरळ १०८ ला फोन. एक माणूस सोबत ने, दाखल केलं तर तुला धावपळ.

सत्तरीचा_पाऊस :
माझी व्हॅन आहे, डिचोलीवरूनच जातो मी सोमवारी पणजीला. मेसेज कर. मागच्या सीटवर काजूच्या पिशव्या असतील तेवढ्या काढून ठेवतो.