मदत हवी आहे : जीआरएस चाचणी अडकली, तातडीचं

अल्फाग्रस्त
फ्रंटियर बाजारावर (उदयोन्मुख बाजारांपेक्षाही लहान, कमी उलाढालीचा शेअर बाजार) सीएपीएम (शेअरचा परतावा बीटावरून, म्हणजे तो बाजाराबरोबर किती हलतो यावरून, ठरतो असं मानणारं मॉडेल) आणि फामा-फ्रेंचचं तीन फॅक्टरवालं मॉडेल (बाजाराखेरीज कंपनीचा आकार आणि पुस्तकी किमतीचं बाजारभावाशी प्रमाण धरणारं) तपासतोय. जीआरएस (सगळे अल्फा, म्हणजे मॉडेलने न समजावलेले परतावे, एकत्रितपणे शून्य आहेत का ही चाचणी) चालवली की 'मॅट्रिक्स सिंग्युलर' (म्हणजे व्यस्त निघत नाही) म्हणून बंद पडते. फामा-मॅकबेथ (जास्त बीटाला जास्त परतावा मिळतो का, हे महिन्यागणिक तपासणारी रीत) चालतं, पण मार्केट प्रीमियम (बीटामागे मिळणारा जादा परतावा) उणे. कोड तीनदा तपासला. सोमवारी सरांना दाखवायचंय. जाणकारांनी सांगा.

शंकासुर
देश कोणता? महिने किती? पोर्टफोलिओ किती? परतावा कुठल्या चलनात? काहीच न सांगता कोण काय सांगणार?

जुना_खेळाडू
फ्रंटियरमध्ये पैसे घालायचे तर व्हिएतनाम बघा.

अल्फाग्रस्त
पैसे नाही हो, प्रबंध आहे! ढाका शेअर बाजार, २०१७ ते २०२४, म्हणजे ९६ महिने. पोर्टफोलिओ केले नाहीत, १४० शेअर तसेच घेतलेत.

शंकासुर
सापडलं. ९६ महिने आणि १४० शेअर, तर अवशेषांच्या (मॉडेलने न पकडलेल्या उरलेल्या परताव्यांच्या) कोव्हेरियन्स मॅट्रिक्सची रँक (स्वतंत्र ओळींची संख्या) सीएपीएमला ९४च्या वर जाणारच नाही. त्याचा व्यस्त निघणार कुठून? साइज आणि बुक-टू-मार्केटवर (त्याच पुस्तकी किंमत-बाजारभाव प्रमाणावर) शेअरचे गट, म्हणजे पोर्टफोलिओ, करा. २५ नकोत, एकेका खणात पाच-सहा शेअर उरतील. ३×३ पुरे.

लॅगवाला
उणे प्रीमियमचं मूळ थिन ट्रेडिंग, म्हणजे शेअरचे सौदे क्वचितच होणं. डिमसन (१९७९) बीटा घ्या : बाजाराचा मागचा-पुढचा परतावाही रिग्रेशनमध्ये घालायचा आणि गुणकांची बेरीज करायची. मी दरवेळी हेच करतो.

तळभाव
ढाक्यात तेवढ्याने भागत नाही. जुलै २०२२ मध्ये नियामकाने फ्लोअर प्राइस (भाव याखाली जाऊ न देणारी मर्यादा) लावली, बहुतेक शेअरवरून ती जानेवारी २०२४ मध्ये उठली. दीड वर्ष कित्येक शेअर एकाच भावाला चिकटलेले, विकणारे रांगेत आणि घेणारा नाही. ते शून्य परतावे म्हणजे बाजाराचं मत नव्हेच. बीटा उगाच शून्याकडे सरकतो. एक लॅग (एक महिना मागचा परतावा) काय करणार?

लॅगवाला
मग बारा घ्या.

तळभाव
९६ महिन्यांत बारा मागे, बारा पुढे? हातात काय उरेल? त्यापेक्षा तो काळ धरून आणि वगळून, दोन्ही निकाल द्या. शिवाय प्रत्येक शेअरच्या शून्य परताव्याच्या दिवसांचं प्रमाण काढा, मासिक आकड्यांत हे लपतं.

पायथॉनप्रेमी
आर (आकडेमोडीची संगणक भाषा) सोडा, पायथॉनवर या.

अल्फाग्रस्त
आर नाही, स्टाटा (सांख्यिकीचं सॉफ्टवेअर) वापरतोय. बरं, रिस्क-फ्री रेट (सरकारी बिलावरचा बिनजोखमीचा दर) मॉडेलवाल्या फ्रेंच यांच्या साइटवरून घेतलाय, चालेल ना?

शंकासुर
टाकातल्या परताव्यातून अमेरिकी ट्रेझरी बिल वजा केलंत?? २०२२च्या सुरुवातीला डॉलर ८६ टाकांच्या आसपास होता, दोन वर्षांत ११०. एक तर सगळं डॉलरमध्ये करा, नाहीतर बांगलादेशी ट्रेझरी बिल घ्या. तिथला दर जास्त असेल त्या महिन्यांत कमी बीटावाल्यांचा अल्फा फुकटचा फुगतो.

अल्फाग्रस्त
३×३ केले, बिल बदललं. जीआरएस चालली! प्रीमियम अजून उणेच.

तळभाव
टी (अंदाज त्याच्या प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा) किती? शँकेन (१९९२) दुरुस्ती (बीटा स्वतःच अंदाजाने काढलेले असल्याबद्दलची) केलीत?

अल्फाग्रस्त
केली. −०.८.

तळभाव
मग उणे कसला? शून्यापासून वेगळाच निघत नाही. नऊ पोर्टफोलिओंचे बीटा सारखेच असतील, तर उतार कशावरून ठरणार? आधी बीटांचा पसारा बघा.

पायथॉनप्रेमी
स्टाटाचं लायसन्स विद्यापीठ देतं का हो?