वस्तीत शंभर दिवसांची कामं काढावीत का?

नाक्यावरचा: गोवंडीत पावसाच्या तोंडावरची कामं (छोटी गटारं, तुटकी झाकणं, शौचालयांची डागडुजी) वस्तीतल्याच माणसांना शंभर दिवस रोजंदारीवर द्यावीत. आमच्या नाक्यावर सकाळी सातला डबा घेऊन उभी राहिलेली कितीतरी माणसं अकराला तोच भरलेला डबा घेऊन घरी परततात. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने हाताला काम दिलं, १९७७ला रोजगार हमीचा कायदा केला. २००५चा केंद्राचा रोजगार हमी कायदाही खेड्यांपुरताच होता. मुंबईतल्या मजुराला हमी कुठे आहे? राजस्थानने २०२२मध्ये शहरांसाठी योजना काढली, मग आपण का नाही?

मुकादमाची लेक: माझा विरोध आहे. दुष्काळ सरतो, कचरा रोज होतो. रोजच्या कामाला तात्पुरता माणूस कशाला? वडिलांच्या कायम नोकरीवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. पालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत (वस्तीतल्या संस्थांकडून सफाई करून घ्यायची योजना) झाडू मारणाऱ्याला 'स्वयंसेवक' म्हणायचे आणि पगाराऐवजी मानधन द्यायचे. शंभर दिवसांच्या नावाखाली हेच वाढेल.

नाक्यावरचा: ताई, कायम भरती व्हायलाच हवी. पण ती होईपर्यंत घरभाडं थांबत नाही. जूनमध्ये काम बंद पडलं की व्याजाने पैसे काढावे लागतात, ते दिवाळीपर्यंत फिटत नाहीत.

चाळ नं. ४: मजुरीवर भांडताय, सेवेचं काय? १९९५ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने मुंबईत वस्ती स्वच्छता कार्यक्रम आला. सामुदायिक शौचालय वस्तीच्या मंडळाने चालवायचं, ही त्यातली कल्पना मला आजही पटते. आमच्या गल्लीतलं शौचालय वेगळ्याच निधीतून झालं. बांधायला पैसा आला, देखभालीला नाही. दोन दारांना कडी नाही. रात्री बाई आत गेली की शेजारीण बाहेरून दार धरून उभी राहते. शंभर दिवस संपल्यावर कडी कोण बसवणार, ते आधी ठरवा.

नाक्यावरचा: हे माझ्या डोक्यात नव्हतं. देखभालीचा पैसा मंजुरीच्या वेळीच वेगळा काढायला हवा.

मुकादमाची लेक: आणि मस्टरवर नाव, किमान वेतन, मजुरी थेट खात्यात, पुढच्या भरतीत हे दिवस अनुभव म्हणून धरायचे. एवढं लेखी असेल तर मी विरोध मागे घेते. 'स्वयंसेवक' शब्द आला, तर नाही.