मदत हवी आहे: नवीन क्लच टाकला, पण इंजिन चालू असताना गिअर पडत नाही

नमस्कार भाऊ हो. जुना सहाचाकी ट्रक, क्लच हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा). क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही नवे; फ्लायव्हीलला (इंजिनमागचं जड चाक, ज्यावर प्लेट दाबली जाते) टर्निंगही मारून घेतलं, म्हणजे तोंड सपाट केलं. इंजिन बंद असलं की सगळे गिअर अलगद पडतात. चालू केलं की पहिला अडून बसतो आन् रिव्हर्सला कर्रकन दात वाजतात. पेडल पूर्ण दाबून 10 सेकंद थांबलं तरी तेच. म्हणजे प्लेट फ्लायव्हीलपासून सुटत नाही. घसरत मात्र नाही, भरली गाडी चढ नीट घेते.

क्लचच्या तेलातली हवा (एअर) काढली, तेल कुठं गळत नाही. पेडल भराभर दोन-तीनदा मारूनही फरक पडत नाही, म्हणून एअर आणि मास्टर सिलिंडरच्या (पेडलकडचा) वॉशरवर संशय कमी. स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सकडचा) पुश रॉडही पुरेसा सरकतो.

उरलं आतलं काम: प्लेट उलटी बसली, गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन लटकून प्लेट वाकली, स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचा, ज्यांवर प्लेट सरकते) गंज, नाहीतर जुनंच ठेवलेलं पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनाच्या बाजूला ज्यात फिरतं ते) जाम. मिस्त्री लोक ते बेअरिंग नेहमी तसंच सोडतात!

खालचं झाकण काढून, दुसऱ्याला पेडल दाबायला लावून प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सगळीकडून फिरते का पाहावं म्हणतो. सगळीकडून फट मिळाली, तर दोष पायलटचाच धरायचा का? प्रेशर प्लेटच्या बोटांची (ज्यांना रिलीज बेअरिंग दाबतं) उंची तिथूनच मोजता येते का? कापूस जिनिंगला न्यायचे दिवस आहेत, गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा आहे. सोबत काय काय आणून ठेवू?