मदत हवी आहे: खांबाआडून उजेडात आलेला रोग (Rogue, चोरट्या चालीचं पात्र) लपलेलाच धरायचा का?

मंडळी, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणून माझी ही पहिलीच कॅम्पेन (अनेक बैठकींची सलग कथा), आम्ही पाचजण दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ खेळतो, नियम २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकचे. गेल्या शनिवारी लपण्यावरून असं अडलं की अर्धा तास खेळच थांबला, आणि मला अजून चैन नाहीये.

झालं असं की मशालींनी उजळलेलं दालन, दोन गॉब्लिन (छोटे राक्षस) पहाऱ्यावर, आणि आमच्यातल्या एकाचा पाचव्या लेव्हलचा हाफलिंग (बुटक्या जमातीचा) रोग जाड दगडी खांबामागे. त्याने बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतली जादा छोटी कृती) हाइड, म्हणजे लपणं, घेतलं, त्याला फासा आणि कौशल्य मिळून लागतात १५, स्टेल्थ (गुपचूप वावरायचं कौशल्य) आला १९, म्हणजे इनव्हिजिबल कंडिशन (न दिसण्याची स्थिती) मिळाली, इथपर्यंत कुणाचीच तक्रार नाही. मग तो खांबाआडून निघाला, भर उजेडात २० फूट चालत गेला, गॉब्लिनच्या पुढ्यात उभा राहिला आणि म्हणाला आता ॲडव्हान्टेजने (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा) वार करतो, स्नीक अटॅकचे (जादा इजेचे) ३ डाइस पण धर. मी म्हटलं अरे तो तुझ्याकडेच बघतोय, दिसलास तू. तो म्हणाला पुस्तकात दाखव.

आणि मला दाखवता येईना. लपणं कधी संपतं ते दिलंय, म्हणजे कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, शत्रूने शोधून काढलं, अटॅक रोल केला, किंवा तोंडाने मंत्र म्हणावा लागतो असा स्पेल टाकला. आडोसा सोडला तर काय, हे त्यात नाही. त्याचं म्हणणं, शोधून काढणं म्हणजे गॉब्लिनने ॲक्शन खर्चून सर्च करायचं आणि परसेप्शनमध्ये (टेहळणीच्या कौशल्यात) १९ गाठायचे. पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता आपसूक लक्षात येण्याचा आकडा) धरावं तर गॉब्लिनचं ९, मग हा नाकासमोर नाचला तरी दिसणार नाही, हे मला काही केल्या पटत नाही. २०१४ च्या पुस्तकात सरळ लिहिलं होतं की लढाईत लपलेला बाहेर येऊन जवळ गेला तर सहसा दिसतोच, समोरच्याचं लक्ष दुसरीकडे असेल तर डीएम सूट देऊ शकतो.

शेवटी मी ॲडव्हान्टेज दिलं नाही. तो गप्प बसला, पण त्याने कॅरेक्टरच लपण्यासाठी बनवलंय हो, त्यामुळे फार लागलंय मनाला. तुम्ही काय केलं असतं?

प्रतिसाद १:
मीही नाहीच म्हटलं असतं. लपण्याजोगी परिस्थिती आहे का ते डीएम ठरवतो, हे नव्या पुस्तकातही आहे, आणि समोर बघणाऱ्याने बघितलं की 'शोधून काढलं' असंच मी धरतो. पण हे तो खांब सोडायच्या आधी सांगायला हवं होतं, म्हणजे त्याने तिथूनच शॉर्टबो मारला असता, ॲडव्हान्टेज आणि स्नीक अटॅक दोन्ही मिळाले असते. शिवाय गॉब्लिनपासून ५ फुटांत तुमचा कुणी उभा असता आणि रोगला डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा घ्यायचा) नसता, तर स्नीक अटॅकसाठी लपायची गरजच नव्हती.

मूळ लेखक:
आमचा फायटर दारातच अडकला होता. धनुष्याचं मात्र खरंच सुचलं नाही, ना मला ना त्याला. आजच फोन करून त्याला सांगतो, आणि शनिवारी बसायच्या आधी हा नियम सगळ्यांसमोर ठरवून घेतो. एकच विचारायचं राहिलं, गॉब्लिनची पाठ असेल तर ते २० फूट तुम्ही जाऊ देता का?

प्रतिसाद १:
पाठ असेल तर बिनधास्त जाऊ दे. दुसरा गॉब्लिन कुठे बघतोय तेवढं आधी सांग त्याला.