मदत हवी आहे: लॉजर म्हणून राहतो, नोकरी गेली. युनिव्हर्सल क्रेडिटमधून (यूकेतला कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) भाडं मिळतं का?

नमस्कार मंडळी,

स्लाऊला राहतो, वय 33, एकटा जीव. गेल्या वर्षी आयएलआर (यूकेत कायम राहण्याची परवानगी) मिळाला. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसने आमची अख्खी टीम घरी बसवली. दोन वर्षं भरायला चार महिने कमी होते, म्हणून रिडंडन्सीचे (नोकरी गेल्याच्या भरपाईचे) पैसेही शून्य. शेवटचा पगार आणि उरलेल्या रजेचे पैसे 31 तारखेला येतील.

मी एका मराठी काकूंच्या घरी वरच्या खोलीत राहतो. काकू एकट्याच असतात. स्वयंपाकघर आणि बाथरूम सामायिक, लाइट-गॅससकट महिन्याला 600 पौंड. करारबिरार काही नाही, सगळं विश्वासावर. भाडं बँकेतूनच देतो, पण पहिल्या महिन्यात काकूंनी मिसळ केली होती म्हणून गंमतीत रेफरन्सला ‘मिसळ’ लिहिलं आणि तेच पुढे चालू राहिलं. म्हणजे माझ्या स्टेटमेंटवर दीड वर्ष दरमहा 600 पौंडांची मिसळ आहे. हसू नका, मला आता घाम फुटलाय.

अर्जात घरभाड्याचा भाग मागता येतो असं वाचलं. पण लॉजरला तो मिळतो का? काकूंकडे एक चिठ्ठी मागितली तर त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, “माझं नाव सरकारी कागदात कशाला रे?” दुसऱ्या दिवशी चहाही न बोलता ठेवला. त्यांना दुखवायचं नाहीये. काय करू?

पोहेवाला: लॉजरला काही मिळत नाही. माझ्या मित्राला चक्क नाही म्हणाले होते.

हाउन्स्लोचा_जुना: पोहेवाला, मित्र कोणाकडे राहत होता?

पोहेवाला: सख्ख्या बहिणीकडे.

हाउन्स्लोचा_जुना: तरीच. घरमालक त्याच घरात राहणारा जवळचा नातेवाईक असेल तर भाड्याचा भाग मिळत नाही. जवळचा म्हणजे आई-वडील, सासू-सासरे, मुलं, सुना-जावई, सावत्र नाती, भाऊ-बहीण आणि त्यांचे जोडीदार. मामा-मावशी, चुलतभाऊ त्या यादीत नाहीत, पण तिथेही व्यवहार खरा हवा, कागदापुरता भाडेकरू चालत नाही. मूळ प्रश्नकर्त्याच्या काकू नात्यातल्या नाहीत, म्हणजे लॉजर असणं आड येत नाही. भाडं देण्याची खरी जबाबदारी आहे का, एवढंच ते बघतात. तोंडी करारही करारच असतो, फक्त दाखवायला पुरावा लागतो.

रकमेचं सांगतो. तुम्ही 35च्या आतले आणि एकटे, म्हणून तुम्हाला लोकल हाउसिंग अलावन्सचा (भागानुसार ठरलेली भाडेमदतीची मर्यादा) ‘शेअर्ड’, म्हणजे सामायिक घरातल्या खोलीचा दर लागेल. तो दर आणि तुमचं भाडं यांतलं जे कमी ते मिळतं. हे दर एप्रिल 2024मध्ये वाढवले आणि तिथेच गोठवले, त्यामुळे 600 पुरे मिळतील अशी आशा धरू नका. पोस्टकोड टाकला की सरकारी संकेतस्थळावर आकडा दिसतो. त्यावर 25 वर्षांपुढच्या एकट्याला 2025-26चा मूळ भत्ता महिन्याला 400.14 पौंड.

थेम्सकाठची: एक मिनिट. धागा वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. याचा आयएलआर आहे म्हणून हे सगळं चाललंय. स्किल्ड वर्कर किंवा ग्रॅज्युएट व्हिसावर असाल तर युनिव्हर्सल क्रेडिटला हात लावू नका, ते ‘पब्लिक फंड्स’मध्ये (अशा व्हिसावर बंदी असलेल्या सरकारी मदतीत) येतं आणि पुढचा व्हिसा गोत्यात येतो. न्यू स्टाइल जेएसए (बेरोजगार भत्ता) मात्र तुमच्या नॅशनल इन्शुरन्समधून (पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी) मिळतो, तो त्या यादीत नाही.

आणि भाऊ, तुम्हीही तो मागा. मागच्या दोन-तीन वर्षांत पुरेसा नॅशनल इन्शुरन्स भरलेला असेल तर 2025-26च्या दराने आठवड्याला 92.05 पौंड, जास्तीत जास्त 182 दिवस. तेवढे युनिव्हर्सल क्रेडिटमधून वजा होतात, पण जेएसएला बचतीची अट नाही.

स्लाऊचा_लॉजर (मूळ प्रश्नकर्ता): बचतीवरून आठवलं. पगार धरून इथे साधारण 4,300 पौंड असतील. पुण्यात वडिलांबरोबर जॉइंट एफडी आहे, तिच्यातला माझा अर्धा वाटा साधारण 2,500 पौंड. आणि धनकवडीतला फ्लॅट माझ्या नावावर आहे, आई-बाबा त्यात राहतात. भारतातलं सांगायचं असतं का?

हाउन्स्लोचा_जुना: सांगायचंच असतं. जगात कुठेही असलं तरी. 16,000 पौंडांवर भांडवल गेलं की युनिव्हर्सल क्रेडिट बंद, आणि 6,000च्या वर प्रत्येक 250 पौंडांमागे (अर्धवट 250 सुद्धा पूर्ण धरतात) महिन्याला 4.35 कापतात. तुमचे 6,800 होतात, म्हणजे वरचे 800, चार हिस्से, 17.40 पौंड. एवढ्यासाठी खोटं बोलू नका.

फ्लॅटचं जरा नीट वाचा, इथे बरेच जण घाबरून अर्जच करत नाहीत. स्वतः राहत नाही त्या घराची किंमत एरवी भांडवलात धरतात. पण त्यात जवळचा नातेवाईक राहत असेल आणि त्याने इथलं पेन्शनचं वय ओलांडलं असेल, तर ते घर मोजत नाहीत. वडील किती वर्षांचे?

स्लाऊचा_लॉजर: 71. 😀

हाउन्स्लोचा_जुना: मग झालं. अर्जाच्या ऑनलाइन जर्नलमध्ये सरळ लिहा: फ्लॅट माझा, त्यात वडील राहतात, वय 71. बाबांचं आधार आणि सोसायटीची पावती हाताशी ठेवा.

अजून एक, अर्ज पगार खात्यात आल्यावर, म्हणजे 1 तारखेला करा. आधी केलात तर शेवटचा पगार पहिल्याच हिशेबाच्या महिन्यात उत्पन्न म्हणून धरला जाईल आणि हातात काही उरणार नाही. त्यापुढे मात्र रेंगाळू नका, मागच्या तारखेपासून पैसे सहसा देत नाहीत. पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात. फार अडलं तर अॅडव्हान्स मिळतो, पण तो पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात.

सातारी_कंदी: मी स्वतः लॉजर ठेवते, म्हणून काकूंच्या बाजूने बोलते. इन्कम टॅक्सची भीती असेल तर त्यांना सांगा, रेंट अ रूम योजनेत वर्षाला 7,500 पौंडांपर्यंत कर नाही. तुमचे 7,200 होतात.

पण खरी गोम वेगळी असावी. काकू एकट्या म्हणून काउन्सिल टॅक्समध्ये (घरावरचा स्थानिक कर) 25 टक्के सूट घेत असतील. घरात दुसरा प्रौढ माणूस राहायला आला की ती सूट सहसा जाते, आणि ते कळवायचं काम त्यांचं असतं. हे राहून गेलं असेल तर मागचा फरक भरावा लागेल, शिवाय 70 पौंड दंडही होऊ शकतो. तुमच्या चिठ्ठीमुळे नवीन काही होत नाहीये, जे आहे तेच दिसेल. पण ते तुम्ही त्यांना आधी सांगा, अर्ज टाकल्यावर नको. तुमच्या काकू गप्प का झाल्या ते मला चांगलं कळतंय.

थेम्सकाठची: +1. आणि चिठ्ठीत जास्त काही नको. तुमचं नाव, पत्ता, कधीपासून राहता, भाडं किती, त्यात काय काय येतं, सही. मिसळीची काळजी सोडा, दर महिन्याला तीच रक्कम त्याच खात्यात गेली आहे. पुढच्या महिन्यापासून ‘रेंट’ लिहा म्हणजे झालं. अर्ज भरताना अडखळलात तर सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेचा सल्ला फुकट मिळतो.

स्लाऊचा_लॉजर: सगळ्यांचे आभार. सातारी_कंदी ताई, तुमचा नेम बरोबर लागला. काल रात्री भांडी घासताना विषय काढला. सूट चालूच होती. काका गेल्यावर सुरू झाली आणि मी आलो तेव्हा कळवायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही, मग उशीर झाला म्हणून भीती. आज आम्ही दोघांनी बसून काउन्सिलचा ऑनलाइन फॉर्म भरला. मागच्या फरकातला अर्धा मी देतो म्हटलं तर रागावल्या.

चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली, वहीच्या कागदावर. खाली सही करून पुढे कंसात लिहिलंय: ‘मुलगा वेळेवर भाडं देतो.’ ही ओळ चालेल ना, की खोडून परत लिहायला सांगू?

हाउन्स्लोचा_जुना: राहू द्या तसंच. फोटो मात्र उजेडात काढा.