पाणी दूषित होतं हे सिद्ध झालं. आता आजार त्यानेच झाला हे रोग्याने का सिद्ध करायचं?

तळटीप:
पाण्यात घातक रसायन होतं हे सिद्ध झालंय, माणूस तेच पाणी पीत होता हेही सिद्ध झालंय, आणि त्या रसायनाने जो आजार होऊ शकतो तोच त्याला झालाय. एवढं झाल्यावरही 'तुमचा आजार या पाण्यानेच झाला हे दाखवा' असं रोग्याला सांगणं ही भरपाई टाळण्याची सोय आहे. इथून पुढे पुरावा पाणी नासवणाऱ्याने द्यावा.

कॅम्प लेज्यून बघा. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातला मरीन सैनिकांचा तळ. १९५३ ते १९८७ या काळात तिथल्या नळाच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन, परक्लोरोइथिलीन, बेंझीन अशी रसायनं होती. काही तळाबाहेरच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून जमिनीत मुरलेली, काही तळावरच्याच गळक्या टाक्यांमधली. १९८२ मध्ये एका नमुन्यात ट्रायक्लोरोइथिलीन १४०० पीपीबी, म्हणजे अब्जात १४०० भाग, निघालं. आज मर्यादा आहे ५. आणि सगळ्यात खराब विहिरी बंद झाल्या १९८४-८५ मध्ये!

लोक कोर्टात गेले तर राज्याचा कायदा आडवा आला: प्रदूषण करणाऱ्याच्या शेवटच्या कृतीला १० वर्षं उलटली की दाव्याचा हक्कच संपला. २०१६ मध्ये खटले फेटाळले गेले. कॅन्सर काय तारीख बघून येतो? शेवटी २०२२ मध्ये खास कायदा करावा लागला. तळावर किमान ३० दिवस राहिल्याचं दाखवा, आणि पाण्याशी आजाराचा संबंध असण्याची शक्यता निदान संबंध नसण्याइतकी तरी आहे हे दाखवा, की पुरे. चांगलं पाऊल, पण ओझं अजून रोग्याच्याच डोक्यावर.

भोवरा:
साफ असहमत. गणित करून बघू, आकडे समजण्यापुरते घेतो. एखाद्या गावात एरवी एका आजाराचे १० रुग्ण निघाले असते. पाणी नासलं म्हणून १३ निघाले. पाण्यामुळे झालेले ३. कोणते ३ हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही, कारण गाठीवर 'नळाच्या पाण्याने झाली' असा शिक्का नसतो. तुमच्या नियमाने १३ जणांना पूर्ण भरपाई. म्हणजे १० जणांचे पैसे अशा माणसाकडून, ज्याने त्यांचं नुकसान केलेलंच नाही. आणि 'दुसऱ्या कशाने झाला' हे त्याने तरी कसं दाखवायचं? जे रोग्याला अशक्य तेच त्यालाही अशक्य. मग ओझं उलटवणं म्हणजे निकाल आधीच लिहून ठेवणं.

तळटीप:
आणि शक्यता निम्म्याहून जास्त आहे हे रोग्यानेच दाखवायचं, या तुमच्या नियमाने १३ पैकी एकालाही दमडी मिळत नाही, कारण प्रत्येकाची शक्यता १३ पैकी ३, निम्म्याच्या खाली. तीन माणसं नक्की आजारी पाडली आणि भरपाई शून्य. निकाल आधीच लिहिलेला तुमच्याकडेही आहे, फक्त दुसऱ्याच्या बाजूने. आजाराचं प्रमाण दुप्पट होईपर्यंत पाणी नासवायची मुभाच म्हणा ना!

कोरा कागद:
वकिलांची चांदी, बाकी काय. तेवढ्या पैशात नव्या पाइपलाइनी टाका.

घटपट:
कोरा कागद, पाइपलाइन पुढच्यांसाठी. जो डायलिसिसवर आहे त्याचं काय?

मूळ वादात दोन प्रश्नांची सरमिसळ होतेय. या रसायनाने हा आजार होऊ शकतो का, हा एक. या माणसाला त्यानेच झाला का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर प्रत्येक रोग्याने वेगळे तज्ज्ञ उभे करणं हा खरा जुलूम.

ड्युपाँट या अमेरिकी रसायन कंपनीच्या पार्कर्सबर्गच्या कारखान्यातलं सी-८ हे रसायन (टेफ्लॉन बनवताना वापरायचे ते) आसपासच्या पाणीपुरवठ्यांत गेलं होतं. २००४ च्या तडजोडीत ठरलं की दोन्ही बाजूंना मान्य अशा तीन साथरोगतज्ज्ञांनी सी-८ चा कोणत्या आजारांशी संबंध आहे की नाही ते सांगायचं. जवळपास ६९,००० लोकांनी रक्त दिलं, प्रश्नावली भरली. प्रत्येकाला एकूण ४०० डॉलर मिळणार होते, म्हणून तर रांगा लागल्या. २०१२ पर्यंत सहा आजारांवर 'संबंध संभवतो' असा निर्णय आला. त्यात मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कॅन्सर, थायरॉइडचे विकार आले. या सहांपुरता पहिला प्रश्न कंपनीला पुन्हा उकरता येणार नव्हता. दुसरा मात्र रोग्यामागे राहिलाच. २०१७ मध्ये साधारण ३,५५० दावे ६७ कोटी डॉलरच्या आसपास मिटले.

ओझं उलटवण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो.

ओलावा:
घटपट, ज्या आजारांवर समितीने 'पुरावा नाही' म्हटलं, त्या रोग्यांसाठी दार कायमचं बंद झालं हेही सांगा की. करारच तसा होता. आणि २००४ ते २०१२ हा काळ आजारी माणसाने कसा काढायचा?

जंतूंचं बरं असतं. कॅनडात वॉकरटनला मे २००० मध्ये पावसाने शेणखत विहिरीत उतरलं, ई. कोलायने ७ माणसं गेली, २००० हून जास्त आजारी पडली. चार दिवसांत आजारी पडलेल्याला कारण विचारत बसावं लागत नाही. तिथे भरपाईची योजना वर्षभरात मंजूर झाली. रसायन वीस वर्षांनी उगवतं, तोवर घर बदललेलं, कागद हरवलेले.

भोवरा:
कागदांचा मुद्दा मान्य, पण तो पुराव्याचा नियम सैल करण्याचं कारण नाही. लेज्यूनमध्ये चार लाखांवर दावे आले. टीव्हीवर वकिलांच्या जाहिरातींचा भडिमार होता. सरकारने झटपट तडजोडीचा तक्ता काढला: आजार कोणता आणि तळावर किती काळ राहिलात यावर १ लाख ते साडेचार लाख डॉलर, मृत्यू असेल तर आणखी १ लाख. तरी रांग हलेना. दार जितकं रुंद तितकी आत चेंगराचेंगरी, आणि खरा रोगी त्याच गर्दीत.

तळटीप:
रांग दारामुळे नाही, खिडकीवर माणसं नाहीत म्हणून लागते. तो तक्ता मात्र मला आवडला. आजार यादीत आहे, राहण्याचा पुरावा आहे, घ्या पैसे. ज्याला जास्त हवेत त्याने कोर्टात जावं.

आणि तुमच्या १३ जणांवर मधला मार्ग आहे की. प्रत्येकाला नुकसानीच्या १३ पैकी ३ भाग द्या, साधारण २३ टक्के. नासवणाऱ्याने जेवढं केलं तेवढंच तो भरेल, एक पैसा जास्त नाही.

भोवरा:
हे मला पटण्याच्या जवळ जातंय. पण ज्याचा आजार खरोखर पाण्याने झाला त्यालाही २३ टक्केच? आणि त्या १३ मध्ये दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढणारा असेल तर त्याचा भाग किती?

तळटीप:
कमी करा त्याचा भाग. पण सिगारेट त्याने स्वतः विकत घेतली होती, पाणी त्याच्या नळाला तुम्ही सोडलंत. किती कमी ते आकड्यानिशी दाखवायचं काम तुमचं.

भोवरा:
बघा, फिरून ओझं माझ्याच डोक्यावर!