मदत हवी आहे: व्याख्यानांच्या क्लिपवर मराठी सबटायटल फुटतात

तासगावकडच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं रेकॉर्डिंग आहे. प्रत्येक भाषणातला एकच मुद्दा उचलून दोन-तीन मिनिटांची क्लिप व्हॉट्सॲपवर द्यायची आहे. बरेचजण आवाज बंद ठेवूनच बघतात, त्यामुळे सबटायटल हवेतच. (टेड या संस्थेची ऑनलाइन भाषणं अशी कापता येत नाहीत. त्यांच्या परवान्यात बदल करायला मनाई आहे, म्हणून त्यांची फक्त लिंक देतो.)

अडचण अशी: एसआरटी फाइल (सबटायटलची मजकूर-फाइल) यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्येच आहे, व्हीएलसी प्लेअरमध्ये नीट दिसते. पण एफएफएमपेगने (कमांडवर चालणारं व्हिडिओ-सॉफ्टवेअर) व्हिडिओवर कायमची छापली की जोडाक्षरं सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न राहता उजवीकडे जाऊन बसते. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फाँट वापरले, फरक शून्य. म्हणजे दोष फाँटचा नसावा. माझ्या बिल्डमधल्या (एफएफएमपेगच्या तयार प्रतीतल्या) लिबासला, म्हणजे सबटायटल काढणाऱ्या लायब्ररीला, हार्फबझची (जोडाक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीची) जोड नसावी असा संशय आहे. फाइल एएसएस प्रकारात बदलून एफएफएमपेगच्या 'एएसएस' फिल्टरला शेपिंग (अक्षरजुळणी) 'कॉम्प्लेक्स' देऊनही तेच. विंडोजवर देवनागरी नीट छापणारा तयार बिल्ड कोणी वापरतंय का? नेमकी कमांडही टाका.

दुसरं, ओळीची लांबी. टेडच्या अनुवादकांसाठी मर्यादा दोन ओळी, ओळीला 42 कॅरॅक्टर, सेकंदाला 21 कॅरॅक्टर. मराठीत काना-मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'द्राक्ष' दिसायला दोन अक्षरं, मोजणीत सात. मोबाइल उभा धरल्यावर मराठीची ओळ किती ठेवता?

'ॲप सुचवा'वाली उत्तरं नकोत, वॉटरमार्क चालणार नाही.